चौदा दिवस, पंधरा टक्के आणि एक ‘जर’

निवडणूक आली की बारामती तालुक्यातल्या कन्हेरीचं नाव राज्यभर ऐकू येतं. पवार घराण्यातल्या उमेदवाराच्या प्रचाराचा नारळ इथल्या मारुतीसमोर फुटतो, असा रिवाजच पडला आहे. २०२४ च्या विधानसभेला तर सामना घरातच होता. ऑक्टोबरच्या अखेरीस अजित पवारांनी प्रचार इथून सुरू केला आणि त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले पुतणे युगेंद्र पवार यांनीही, शरद पवारांच्या उपस्थितीत, इथूनच. मारुती एक, मतदारसंघ एक, नारळ दोन.

राजकारण जाणकारांवर सोडू. इथे आपल्याला फक्त त्यातला तर्क हवा आहे. ‘अमक्याने कन्हेरीत नारळ फोडला’ ही नोंद झाली. ती एका माणसाबद्दल आणि एका दिवसाबद्दल आहे. ‘जो कन्हेरीत नारळ फोडतो तो बारामती जिंकतो’ हा नियम. यात कुणाचंच नाव नाही, त्यातला ‘जो’ रिकामा आहे आणि कुणीही त्यात बसू शकतो. ‘एका मतदारसंघातून एकच आमदार’ हे तिसऱ्याच जातीचं वाक्य, म्हणजे बंधन. आता दोन नोंदी त्या नियमात घाला. काका जिंकतात आणि पुतण्याही जिंकतो, असे दोन निष्कर्ष बाहेर पडतात आणि बंधन मोडतं. निकालाआधीच, मतदानयंत्राला कुणी हात लावायच्या आधीच, सांगता येतं की नियम चुकलेला आहे. माणूस हे हसून सोडून देतो. संगणकाला मात्र आधी हे सांगावं लागतं की यातलं कोणतं वाक्य नोंद आहे, कोणतं नियम आणि कोणतं बंधन.

हे सांगण्यासाठी ज्या खुणांच्या भाषा तयार झाल्या, त्यांतली सगळ्यांत ओळखीची म्हणजे रूलएमएल. ऑगस्ट २००० मध्ये मेलबर्नला कृत्रिम बुद्धिमत्तेवरची एक परिषद भरली होती. तिथे हॅरॉल्ड बोली, बेंजामिन ग्रोसॉफ आणि सईद ताबेत यांनी या कामाला सुरुवात केली. त्याआधी तर्काच्या भाषा नव्हत्या असं नाही. प्रोलॉग १९७२ पासून होती. १९८६ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या रॉबर्ट कोवाल्स्की, मारेक सेर्गोट आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा प्रोलॉगच्या धर्तीवर उतरवून दाखवला होता. पण बँकेची एक प्रणाली, विमा कंपनीची दुसरी, सरकारची तिसरी, आणि प्रत्येकीची नियम लिहायची तऱ्हा वेगळी. एकीचा नियम दुसरीला वाचता येत नसे. १९९८ मध्ये एक्सएमएल प्रमाण म्हणून आली तेव्हा मजकुराभोवती खुणा लावून तो कुठल्याही यंत्राकडे धाडायची सोय झाली. आपण रोज पाठवतो ती वर्डची डॉक्सएक्स फाईलसुद्धा आतून एक्सएमएलच असते. मग मजकुरासारखेच नियमही का धाडू नयेत, हा रूलएमएलचा विचार.

मूळ रूलएमएलच्या खुणा इंग्रजी अक्षरांत आहेत. पण एक्सएमएलमध्ये खुणेचं नाव देवनागरीत ठेवायला मुभा आहे, आणि ती पहिल्यापासून आहे. म्हणून इथे मी मराठी नावं घेतो. मूळ भाषेतला ॲटम म्हणजे आपलं ‘विधान’, रेल म्हणजे ‘संबंध’, इंड म्हणजे ‘वस्तू’, व्हार म्हणजे शाळेच्या बीजगणितातलं ‘चल’, डेटा म्हणजे ‘मूल्य’ आणि इम्प्लाइज म्हणजे ‘नियम’.

उदाहरणाला मात्र नारळ पुरायचा नाही. या पट्ट्यात ज्या नियमावर रोज बोललं जातं तो घेऊ: उसाच्या बिलाचा. भवानीनगरचा छत्रपती, शिवनगरचा माळेगाव, सोमेश्वरनगरचा सोमेश्वर, असे सहकारी कारखाने बारामती-इंदापूरच्या या टापूत आहेत आणि ‘चौदा दिवसांत पैसे, नाही तर पंधरा टक्के व्याज’ हे वाक्य इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. ते येतं ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधून. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली केंद्र सरकारने काढलेल्या या आदेशाच्या तिसऱ्या खंडात म्हटलं आहे की ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत कारखान्याने त्याचे पैसे द्यावेत. दिले नाहीत तर चौदा दिवसांपुढच्या विलंबावर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यावं.

आधी नोंद. एका शेतकऱ्याने १ डिसेंबरला ऊस घातला, वजन १८ टन ४२० किलो:

<विधान>
  <संबंध>ऊस-पोच</संबंध>
  <वस्तू>शेतकरी-क</वस्तू>
  <वस्तू>कारखाना-ख</वस्तू>
  <मूल्य>२०२५-१२-०१</मूल्य>
  <मूल्य>१८.४२०</मूल्य>
</विधान>

एवढ्या साध्या तुकड्यातही एक खाच आहे. पहिली वस्तू देणारी आणि दुसरी घेणारी, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते क्रमावरून समजायचं. शेतकरी आणि कारखाना यांची जागा चुकून बदलली तर कारखान्याने शेतकऱ्याच्या दारात ऊस आणून टाकला, असं यंत्र निमूटपणे मान्य करेल. म्हणून रूलएमएलमध्ये दुसरीही सोय आहे. तिला स्लॉट म्हणतात, आपण रकाना म्हणू. ‘देणारा’, ‘घेणारा’, ‘तारीख’, ‘टन’ असे नावाचे रकाने केले की क्रम कसाही चालतो. शेवटच्या १८.४२० ला एककही नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलंच असेल. टन की क्विंटल? दहापटीचा फरक आहे.

आता नियम:

<नियम>
  <जर>
    <आणि>
      <विधान>
        <संबंध>ऊस-पोच</संबंध>
        <चल>शेतकरी</चल> <चल>कारखाना</चल> <चल>दिवस</चल> <चल>टन</चल>
      </विधान>
      <विधान>
        <संबंध>चौदा-दिवस-उलटले</संबंध>
        <चल>दिवस</चल>
      </विधान>
      <नाही>
        <विधान>
          <संबंध>बिल-जमा</संबंध>
          <चल>शेतकरी</चल> <चल>कारखाना</चल> <चल>दिवस</चल>
        </विधान>
      </नाही>
    </आणि>
  </जर>
  <तर>
    <विधान>
      <संबंध>व्याज-देय</संबंध>
      <चल>कारखाना</चल> <चल>शेतकरी</चल> <चल>दिवस</चल>
    </विधान>
  </तर>
</नियम>

यातलं ‘शेतकरी’ हे चल आहे, कुणी खरा माणूस नव्हे. नियमाच्या हद्दीत ते जिथे जिथे येईल तिथे एकच माणूस धरायचा, एवढंच त्याचं काम. त्याऐवजी ‘क्ष’ लिहिलं तरी यंत्राला फरक पडत नाही. उलट एका ठिकाणी ‘दिवस’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘तारीख’ लिहिलं तर आपल्याला ते एकच वाटतं, यंत्राला मात्र ती दोन वेगळी चलं दिसतात. मग कुठल्याही दिवसाचं बिल कुठल्याही खेपेला लागू पडतं. खुणा वाक्याची घडण दाखवतात, अर्थ शिकवत नाहीत. ‘ऊस-पोच’ म्हणजे काय, गाडी गव्हाणीवर रिकामी झाली की नंबरात उभी राहिली, हे त्या दोन शब्दांत कुठेही नाही. हे ठरवणारा वेगळा नियम वर लिहावा लागतो. तो लिहायला बसलं की लक्षात येतं, आपणही ते कधी नीट ठरवलेलं नसतं.

सगळ्यांत घोटाळ्याची खूण आहे ती ‘नाही’. बिल जमा झालं नाही, हे यंत्राला कसं कळलं? त्याच्या फायलीत तशी नोंद सापडली नाही म्हणून. पण नोंद नसणं आणि घटना न घडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बँकेची यादी सोमवारी येणार असेल आणि यंत्र रविवारी चालवलं असेल, तर सगळा गाव थकबाकीत दिसेल. तर्कशास्त्रात या दोन नकारांना वेगवेगळं स्थान आहे, आणि रूलएमएलने त्यांना दोन वेगळ्या खुणा दिल्या आहेत. नॅफ म्हणजे ‘शोधलं, सापडलं नाही, म्हणून नाही समजतो’. नेग म्हणजे ‘नाही, असं ठाम माहीत आहे’. मला विचाराल तर या सगळ्या भाषेतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. सरकारी योजनेत ‘अपात्र’ ठरलेल्या माणसाची कागदपत्रं पाहिली तर पुष्कळदा तो खरोखर अपात्र नसतो, त्याची एखादी नोंद कुठे तरी चढलेली नसते. पडद्यावर मात्र दोघांना एकच लाल अक्षर.

नियमच लागू पडत नाही, असंही होतं. उसाची आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर, सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, अशी आपल्याकडची शिफारस आहे. कुणी १ सप्टेंबरला कांडी लावली तर? तिन्ही ‘जर’ नापास. नॅफच्या हिशेबाने तो ऊस आडसालीही नाही, पूर्वहंगामीही नाही आणि सुरूही नाही. शेतात मात्र तो उभा आहे. शेतकी विभागातला माणूस त्याला कुठल्या तरी रकान्यात बसवून मोकळा होतो. यंत्राला ही मोकळीक दिलेली नसते. ती हवी असेल तर लिहून द्यावी लागते.

पुन्हा चौदा दिवसांकडे. आदेशाच्या त्याच खंडात एक छोटं वाक्यांग आहे, जे पारावरच्या चर्चेत फारसं येत नाही: दोन्ही पक्षांत याविरुद्ध लेखी करार नसेल तर. म्हणजे चौदा दिवस हा अभेद्य नियम नाही, करार दाखवला की तो मागे सरतो. वरच्या आपल्या नियमात हे आलेलंच नाही. तो नियम, काटेकोर बोलायचं तर, अपुरा आहे आणि तरीही गावात सगळे तोच सांगतात. करार झालाच तर व्याजाची मुदत कुठून मोजायची, हा पुढचा प्रश्न. कायद्याचे बहुतेक नियम असेच असतात. आधी सर्वसाधारण विधान, मग ‘परंतु’, मग त्या परंतुकालाही अपवाद.

यासाठी रूलएमएलच्या कुटुंबात लीगलरूलएमएल ही वेगळी शाखा निघाली. ओएसिस या प्रमाणसंस्थेने २०२१ मध्ये तिला अधिकृत प्रमाण म्हणून मान्यता दिली. तिच्यात नियमावर शिक्का मारता येतो: हा पक्का, हा बाधित होऊ शकणारा. आणि ओव्हरराइड नावाची खूण आहे, जी फक्त एवढंच सांगते की अमका नियम तमक्यावर मात करतो. तो का मात करतो, हे नियमाच्या पोटात कोंबायचं नाही; बाहेर, वेगळ्या ओळीत.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पाणिनीच्या सूत्रांत दोन नियम एकाच जागी आले तर कोणाचं चालायचं, यावर व्याकरणाचं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. काशीत राहिलेल्या, पण मूळच्या मराठी घराण्यातल्या नागेशभट्टांनी अठराव्या शतकात ‘परिभाषेन्दुशेखर’ लिहिला तो याच विषयावर: नंतरचा नियम आधीच्यापेक्षा बलवान, आणि अपवाद सगळ्यांत बलवान, अशी उतरंड त्यात मांडली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रांझ कीलहॉर्न यांनी १८६८ ते १८७४ या काळात त्याची आवृत्ती आणि इंग्रजी भाषांतर मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत काढलं. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ अशी टाळी मला इथे वाजवायची नाही. पण नियमांबद्दलचे नियम मूळ नियमांपासून वेगळे लिहावेत, ही गरज त्यांना जाणवली होती तीच आज ओएसिसच्या समितीला जाणवली, हे खरं.

आता दराकडे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, हा शब्द २००९ मध्ये आला. त्याआधी एसएमपी, म्हणजे वैधानिक किमान किंमत, होती. केंद्र दर हंगामासाठी आकडे जाहीर करतं. २०२४-२५ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ३२ पैसे जास्त. २०२५-२६ साठी हेच आकडे ३५५ रुपये आणि ३ रुपये ४६ पैसे. उतारा १०.२५ च्या खाली गेला तर त्याच दराने कपात. पण साडेनऊच्या खाली कितीही गेला तरी एका ठरलेल्या रकमेच्या खाली भाव जात नाही. ती रक्कम २०२४-२५ ला ३१५.१० रुपये होती, २०२५-२६ ला ३२९.०५.

यात नियम कुठला आणि नोंद कुठली? कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या जुन्या प्रोग्रामांत हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. ३४० हा आकडा प्रोग्रामच्या आत कुठे तरी लिहिलेला, आणि नवा हंगाम आला की सॉफ्टवेअरवाल्याला फोन. खुणांच्या भाषेत मांडायला बसलं की ३४०, ३.३२ आणि ३१५.१० हे सगळे आकडे नोंदींत जातात, हंगामाच्या रकान्यासकट. नियमात उरतं ते फक्त सूत्र: पायाभूत उताऱ्यापासूनचं अंतर, गुणिले टप्प्याचा दर. नियम तोच, नोंदी दरवर्षी नव्या.

सूत्र लिहिताना यंत्र हटकून एक प्रश्न विचारतं. ‘प्रत्येक ०.१ टक्क्याला’ म्हणजे पूर्ण टप्पा झाला तरच, की अर्ध्या टप्प्यालाही अर्धे पैसे? शब्दांवरून दोन्ही अर्थ निघतात. उत्तर जाहीर झालेल्या आकड्यांतच लपलं आहे. १०.२५ पासून ९.५ पर्यंत अंतर ०.७५, म्हणजे साडेसात टप्पे. ३.४६ गुणिले ७.५ म्हणजे २५ रुपये ९५ पैसे. ३५५ मधून ते वजा केले की बरोबर ३२९.०५ येतात. सातच पूर्ण टप्पे धरले असते तर ३३०.७८ आले असते. म्हणजे निदान हा किमान भाव काढताना अर्धा टप्पा मोजलेला आहे. पाच पैशांपर्यंत जुळणारी ही गोष्ट मला आदेशाच्या भाषेपेक्षा बोलकी वाटते.

सव्वाअकरा टक्के उतारा असेल तर २०२५-२६ चा भाव ३५५ अधिक दहा टप्प्यांचे ३४ रुपये ६० पैसे, म्हणजे क्विंटलला ३८९.६०, टनाला ३,८९६ रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि जे हातात येतं त्याला आपण निव्वळ एफआरपी म्हणतो. व्याजाचा अंदाजही घ्या. हातात यायचे ६०,००० रुपये चौदा दिवसांनंतर आणखी ४५ दिवस अडकले, तर सरळव्याजाने साधारण १,११० रुपये होतात. एकट्याने मागायला जावं एवढी मोठी रक्कम नाही, आणि हजारो सभासदांची मिळून बघितली तर सोडून द्यावी एवढी लहानही नाही. मूळ रक्कमच थकली तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुली प्रमाणपत्र, काढतात आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

पण ‘उतारा’ म्हणजे कोणत्या हंगामाचा उतारा? वर मी नुसतं ‘सव्वाअकरा टक्के’ लिहिलं आणि तुम्ही ते वाचून पुढे गेलात. महाराष्ट्रात याच रकान्यावरून कोर्टापर्यंत भांडण गेलं. आधीच्या पद्धतीत मागच्या हंगामाचा उतारा धरत. तो ऊस पोचायच्या आधीच ठाऊक असतो, त्यामुळे चौदा दिवसांत पूर्ण रक्कम काढता येते. २१ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने चालू हंगामाचा उतारा धरायचं ठरवलं. पण चालू हंगामाचा अंतिम उतारा गाळप संपल्याशिवाय कळत नाही, म्हणून बिलाचे दोन हप्ते झाले. पहिला हप्ता पुणे आणि नाशिक महसूल विभागांत १० टक्के उतारा गृहीत धरून, बाकी विभागांत साडेनऊ. उरलेला हंगाम संपल्यावर. याविरुद्ध शेतकरी नेते राजू शेट्टी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. केंद्राचा आदेश असताना राज्याला असा फेरफार करता येणार नाही, हा त्यातला मुद्दा.

खुणांच्या नजरेने पाहिलं तर हा सगळा वाद ‘उतारा’ या संबंधाला एक रकाना कमी असल्याचा होता. ‘उतारा, कारखाना, आकडा’ एवढंच लिहिलं तर वाद दिसतच नाही. ‘उतारा, कारखाना, हंगाम, आकडा’ असं लिहिलं की नियम लिहिणाऱ्याला हंगामाच्या जागी काही तरी भरावंच लागतं: ऊस ज्या हंगामात पोचला तोच, की त्याच्या आधीचा. आणि जे भरलं ते उघड्यावर येतं. शिवाय लीगलरूलएमएलमध्ये नियमाला स्वतःच्या काळाचा शिक्का असतो: कधीपासून लागू, कधीपर्यंत, कुणाच्या अधिकाराने. २०२३ च्या डिसेंबरातल्या खेपेचा हिशेब आज पुन्हा करायचा असेल तर त्या दिवशी कागदावर कोणता नियम होता आणि नंतर न्यायालयाने त्याचं काय केलं, हे दोन्ही यंत्राला वेगवेगळं ठाऊक असावं लागतं. साध्या प्रोग्राममध्ये जुनी ओळ पुसून नवी लिहितात. मग जुनं बिल तसं का निघालं, याचं उत्तर कुणाकडेच उरत नाही.

हे ‘का’ महत्त्वाचं आहे. नुसती बेरीज-वजाबाकी एक्सेलही करतं. नियम आणि नोंदी सुट्या ठेवल्या की यंत्राला क्वेरी घालता येते, आणि उत्तराबरोबर त्याची वाटही मागता येते: हे व्याज देय आहे, कारण हा नियम, त्यातली ही तीन विधानं, त्यातलं तिसरं नोंद न सापडल्यामुळे खरं धरलेलं. शेतकऱ्याला यातल्या नेमक्या एका पायरीवर बोट ठेवून भांडता येतं. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सोबतीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, त्याची चर्चा देशभर झाली. पाणी कधी द्यावं, रोग कुठे दिसतो आहे, हे उपग्रहाच्या आणि जमिनीतल्या सेन्सरच्या आकड्यांवरून ताडायला ती पद्धत चांगलीच आहे. ताडणं आणि लागू करणं यांत मात्र फरक आहे. बिलाचा आकडा मला कुणी ‘बहुधा’ म्हणून सांगितलेला चालणार नाही.

रूलएमएल त्यामुळे घरोघरी पोचली, असं मात्र झालं नाही. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन एसडब्ल्यूआरएल ही नियमभाषा २००४ मध्ये पुढे आली, वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१० मध्ये आरआयएफ हे नियमांच्या देवघेवीचं प्रमाण काढलं. दोन्हींचा बोलबाला अभ्यासकांत जास्त, बाजारात कमी. कारण वर दिसतंच आहे. एका ओळीचा नियम लिहायला सव्वीस ओळी लागल्या. हाताने असं कुणी लिहीत नाही. व्यवसायात डीएमएनसारखे निर्णयतक्ते जास्त चालतात आणि फ्रान्समध्ये कराचे नियम ओपनफिस्कासारख्या साधनांत थेट प्रोग्राम म्हणून लिहिले जातात. दुसरी अडचण तर्कातलीच आहे. नियमांची भाषा साधी ठेवली, डेटालॉगसारखी, तर उत्तर मिळतंच मिळतं. ती हवी तितकी समृद्ध केली तर उत्तर येईलच याची शाश्वती जाते. चर्च आणि ट्यूरिंग यांनी हे १९३६ मध्येच सिद्ध करून ठेवलं आहे. म्हणून रूलएमएल ही एक भाषा नसून लहानमोठ्या भाषांचं कुटुंब आहे. जेवढं बळ लागेल तेवढीच घ्यायची.

राहिला नोंदींचा प्रश्न. नियम कितीही नेटका लिहिला तरी तो नोंदींच्या जिवावर चालतो, आणि नोंद कुणी तरी केलेली असते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हा सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद तलाठ्याऐवजी शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. तीच नोंद, तोच रकाना, पण सांगणारा बदलला. विधानाला ‘हे कुणी सांगितलं’ असा शिक्का जोडता येतो आणि तो जोडायलाच हवा.

उसाच्या बिलात ही गोष्ट येऊन थांबते काट्यावर. काटामारीची तक्रार राज्यात दर हंगामात होते, भरारी पथकं फिरतात, वैधमापनवाले काटे तपासतात. समजा वाटेतल्या खासगी काट्याची चिट्ठी १८ टन ४२० किलो सांगते आणि कारखान्याचा काटा १८ टन १०० किलो. खुणांच्या फायलीत दोन्ही विधानं शेजारी शेजारी राहतात, प्रत्येकाला आपापला स्रोत चिकटवलेला. ‘एका खेपेचं वजन एकच’ हे बंधन घातलं की यंत्र तिथे अडतं आणि दोन्ही ओळी दाखवतं. यातली कोणती धरायची ते त्याला ठरवता येत नाही. त्यासाठी आणखी एक ओव्हरराइड लिहावा लागतो. तो कुणी लिहायचा, कारखान्याने, साखर आयुक्तांनी की वैधमापन खात्याने, हे ठरल्याशिवाय बिलाचा हिशेब पुढे सरकत नाही.